सौंदर्य शस्त्रक्रियेआधीच्या तपासण्या: तारीख ठरवण्यापूर्वी काय करून घ्यावे

अपेंडिक्स फुटले तर तपासण्यांना सवड मिळत नाही. हाती असेल तेवढ्या माहितीवर रुग्णाला आत घ्यावे लागते. नाक सरळ करणे, पोटाची चरबी काढणे, पापणीची ओघळलेली कातडी कापणे, केस रोवणे यांचे तसे नाही. ही शस्त्रक्रिया आज झाली नाही म्हणून जिवाला काही होत नाही. त्यामुळे तपासणीत दोष सापडला तर तो आधी दुरुस्त करता येतो. फक्त त्यासाठी हाताशी दिवस हवेत.

गोव्यात बऱ्याचदा नेमके उलटे होते. बोटीवरून किंवा आखातातून दोन महिन्यांच्या रजेवर आलेला माणूस, किंवा चवथीनंतर घरात लग्न असलेली मुलगी आधी तारीख घेते, आगाऊ पैसे भरते आणि रक्त द्यायला आदल्या दिवशी जाते. हिमोग्लोबिन ९ निघाले की पंचाईत. तारीख मोडवत नाही आणि तसेच पुढे जाणे धोक्याचे. म्हणून क्रम पक्का ठेवा: सर्जनची भेट, मग तपासण्या, मग भूलतज्ज्ञाची भेट, आणि तारीख सर्वांत शेवटी. पहिल्या भेटीपासून शस्त्रक्रियेपर्यंत निदान सहा आठवडे असावेत. रजा मोजकी असेल तर तपासण्या रजेच्या पहिल्याच आठवड्यात उरका. शक्य असल्यास परदेशातूनच करून या.

आधी हकिकत, मग रक्त

रक्ताच्या कोणत्याही रिपोर्टपेक्षा तुमची हकिकत जास्त सांगून जाते. दाढ काढल्यावर रक्त किती वेळ थांबले नव्हते? नाकातून वरचेवर रक्त येते का? पाळीत दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागते का? बारीकशा धक्क्यानेही अंगावर काळेनिळे डाग उठतात का? यांतल्या एखाद्याचे उत्तर 'हो' असेल तर ते ठळकपणे सांगा. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन तपासण्या म्हणजे पीटी-आयएनआर आणि एपीटीटी. व्हॉन विलेब्रांड नावाच्या आजारात या दोन्ही साफ नॉर्मल येऊ शकतात, आणि ऑपरेशनच्या टेबलावर मात्र रक्त थांबत नाही. तो आजार शोधायला वेगळी तपासणी लागते आणि ती लिहून द्यायची की नाही हे तुमच्या उत्तरावरच ठरते.

घरात कुणाला भूल दिल्यावर अचानक खूप ताप चढला, किंवा भुलेतून बाहेर यायला तासन्‌तास लागले, असे झाले असेल तर तेही सांगा. आईला, मावशीला विचारूनच जा. मोठ्यांच्या आठवणीत असल्या गोष्टी असतात, फक्त कुणी विचारलेल्या नसतात. जुन्या जखमेचा किंवा कान टोचल्याचा वण फुगून जाड झाला असेल तर तोही सर्जनला दाखवा. असा वण उठणाऱ्या कातडीवर नवा छेद घ्यायचा की नाही, हा मोठा निर्णय आहे.

औषधांची नावे आठवत बसू नका. घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, चूर्णे एका पिशवीत भरून न्या. केस वाढवण्याच्या गोळ्या, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, हळदीच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, वजन कमी करायची इंजेक्शने, गर्भनिरोधक गोळ्या, वैद्यांचे काढे, सगळे. लोक यांना औषध मानत नाहीत म्हणून यादीतून वगळतात, आणि गडबड बहुतेक वेळा त्यांच्यातच दडलेली असते.

तंबाखू आणि दारू या दोन बाबतींत लाज धरू नका. रोज दोन पेग घेणाऱ्याने 'कधीतरी घेतो' असे सांगितले तर दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरणे, घाम, भ्रम सुरू होऊ शकतो आणि कुणाला कारण कळत नाही. फेणी असो, हुर्राक असो की बिअर, किती आणि रोज की अधूनमधून, ते भूलतज्ज्ञाला खरे सांगा.

कोणत्या तपासण्या, आणि त्या कशासाठी

वीस-पंचवीस तपासण्यांचे 'पॅकेज' सगळ्यांना सारखेच लावू नये. तीळ काढणे, कानाची फाटलेली पाळी शिवणे अशा छोट्या, जागा बधिर करून होणाऱ्या कामाला निरोगी तरुण माणसाला फारसे काही लागत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ साली दिलेल्या मार्गदर्शनातही निरोगी माणसाच्या छोट्या शस्त्रक्रियेआधी सरसकट तपासण्या करू नयेत असेच म्हटले आहे. कारण साधे आहे. विनाकारण वीस तपासण्या केल्या की एखादी किंचित इकडेतिकडे येतेच, आणि मग तिच्या मागे धावण्यात महिना जातो. पूर्ण भूल, मोठा छेद किंवा बरीच चरबी काढायची असेल तर मात्र पुढच्या तपासण्या हव्यातच.

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, सगळ्यात महत्त्वाची. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर आधी कारण शोधा. स्त्रियांत बहुतेकदा लोहाची कमतरता सापडते, आणि ती फेरिटिनवरून, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याच्या तपासणीवरून, कळते. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन साधारण दोन ते तीन आठवड्यांत एका अंकाने चढते, म्हणजे ९ चे १२ व्हायला दीड-दोन महिने. सहा आठवड्यांचा आग्रह धरायचे हे एक मुख्य कारण. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. तासभर तरी अंतर ठेवा. वेळ कमीच असेल तर शिरेतून लोह देता येते, तो निर्णय डॉक्टरांचा. पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर कुठेतरी जंतुसंसर्ग असू शकतो. किडलेली दाढ, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधले चिखल्यांचे चट्टे, हे सगळे बघा. स्तनात किंवा हनुवटीत इम्प्लांट बसवायचे असेल तर हा संसर्ग आधी निपटलाच पाहिजे.

प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, दीड ते साडेचार लाख हव्यात. जून ते ऑक्टोबर या काळात गोव्यात ताप आला म्हणजे डेंग्यू मनात ठेवावाच लागतो, आणि त्यात साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान प्लेटलेट्स उतरतात. ताप येऊन गेला असेल, मग तो डेंग्यू ठरलेला असो वा नसो, सर्जनला सांगा. पूर्ण बरे वाटल्यावर सीबीसी पुन्हा करून प्लेटलेट्स पूर्ववत झालेल्या बघितल्याशिवाय चरबी काढण्यासारखे काम करू नये. पावसाळ्यात ऑपरेशन ठरवणाऱ्यांनी या एका गोष्टीसाठी दोन आठवडे हातचे राखावेत.

साखरेसाठी उपाशीपोटीच्या तपासणीबरोबर एचबीए१सी करा. उपाशीपोटीची साखर चार दिवस भात, गोड सोडून खाली आणता येते. एचबीए१सी मात्र गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. सौंदर्य शस्त्रक्रियेत बहुतेक डॉक्टर साधारण ७ ते ७.५ टक्क्यांच्या पुढे थांबायला सांगतात, कारण साखर चढलेली असताना टाके उसवतात आणि पू होतो. लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा वर जाऊ शकतो आणि नुकतेच रक्त चढवले असेल तर खोटा खाली दिसतो. म्हणून तो हिमोग्लोबिनच्या शेजारी ठेवूनच वाचावा.

क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्या भूलतज्ज्ञासाठी असतात: औषध शरीरातून बाहेर कसे जाईल हे त्यांवरून ठरते. टीएसएच थायरॉइडसाठी. गोळीचा डोस बदलला तर पुन्हा तपासायला सहा आठवडे जावे लागतात. रक्तगट माहीत असला तरी पुन्हा करतात आणि ते बरोबरच आहे.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तपासण्या तुमच्या संमतीशिवाय करता येत नाहीत. एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने आधी माहिती देऊन संमती घेणे बंधनकारक केले आहे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून शस्त्रक्रिया नाकारणे हा भेदभाव ठरतो. कागदावर सही करण्यापूर्वी वाचा, समजावून मागा.

ईसीजी साधारण चाळिशीनंतर, किंवा रक्तदाब, मधुमेह, छातीत दुखणे असेल तर आधीही. टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि छातीचा एक्स-रे फक्त कारण असेल तरच. जुना क्षयरोग, खोकला, धूम्रपान ही ती कारणे. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून वर असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. चेहरा ताणण्याच्या किंवा पापण्यांच्या कामात तर त्याहून कमी दाबही त्रास देतो, कारण कातडीखाली रक्त साठून गाठ होते. घोरणारा, सकाळी डोके जड होणारा, मान ४० सेंटिमीटरच्या पुढे असलेला माणूस असेल तर झोपेत श्वास अडण्याच्या आजाराबद्दल भूलतज्ज्ञाशी बोलावे.

रक्त देताना काय चुकते

रिपोर्ट चुकतो तो बहुतेकदा यंत्रात नाही, त्याआधी: सुई टोचण्यापासून नळी प्रयोगशाळेत पोचेपर्यंत. ट्रेमधल्या नळ्यांची टोपणे बघा. जांभळे टोपण सीबीसीचे, राखाडी साखरेचे, निळे रक्त गोठण्याच्या तपासणीचे. निळ्या नळीत आधीच औषध असते आणि एक भाग औषधाला नऊ भाग रक्त हे प्रमाण सांभाळावे लागते. नळीवरच्या खुणेपर्यंत रक्त भरले नाही तर औषध जास्त पडते आणि आयएनआर उगाच वाढलेला दिसतो. शीर नीट सापडत नाही म्हणून कर्मचाऱ्याने निळी नळी अर्धी भरली, असे दिसले तर तिथेच म्हणा, 'ही पुन्हा घ्या'. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

जांभळ्या नळीतल्या औषधामुळे काही जणांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि यंत्राला त्या कमी दिसतात. अंगावर डाग नाहीत, कधी रक्त वाहिलेले नाही आणि रिपोर्टमध्ये मात्र प्लेटलेट्स साठ हजार, असे झाले तर काचेवर रक्ताचा थर पसरून (स्मिअर) सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा आणि निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा मोजायला सांगा. पोटॅशियमचेही तसेच. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, मूठ पुन्हा पुन्हा आवळायला लावली किंवा नळी हिंदकळत नेली की लाल पेशी फुटून किंवा स्नायूंतून बाहेर पडून पोटॅशियम वाढलेले दिसते.

पेडणे, वाळपई, काणकोण या भागांतल्या कित्येक संकलन केंद्रांत तपासणी होत नाही, तिथून नमुना पणजी किंवा मडगावला जातो, काही नमुने गोव्याबाहेरही. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दोन तास तापलेल्या नमुन्याचे पोटॅशियम आणि साखर यांच्यावर फार विश्वास ठेवू नये. घरी येऊन रक्त नेणाऱ्याकडे थंड डबा आहे का ते बघा. शक्य असेल तर म्हापसा, पणजी, फोंडा किंवा मडगावच्या, जागच्या जागी तपासणी करणाऱ्या आणि एनएबीएल (प्रयोगशाळांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत स्वतः जा.

वेळेचे म्हणाल तर सकाळी आठ-नऊच्या आत, आदल्या रात्री साडेआठला जेवून. रात्री दारू नको. सकाळी साधे पाणी चालते, चहा नाही.

केसांच्या गोळ्यांतले बायोटिन हे जीवनसत्त्व ही सौंदर्य शस्त्रक्रियेच्या रुग्णांची खास अडचण आहे. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरते, या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असते. इतके बायोटिन रक्तात असेल तर काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी आणि थायरॉइडची संप्रेरके खोटी जास्त येतात, आणि निरोगी बाईला थायरॉइड वाढल्याची औषधे सुरू होण्याची वेळ येते. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस या गोळ्या बंद ठेवा.

शस्त्रक्रियेप्रमाणे वेगळे

पोटाची चरबी काढण्याआधी पोटाची सोनोग्राफी आवर्जून करा. बेंबीजवळचा लहान हर्निया जाड पोटात बाहेरून दिसत नाही. चरबी ओढणारी नळी आंधळेपणाने फिरते आणि हर्नियात आतडे असेल तर ते फुटते. या शस्त्रक्रियेतला हा अत्यंत घातक अपघात आहे आणि एका सोनोग्राफीने त्याचा धोका कमी करता येतो. एका वेळी पाच लिटरच्या पुढे काढणे मोठे काम समजतात, ते पूर्ण सोय आणि देखरेख असलेल्या रुग्णालयातच व्हावे. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही इथे जास्त. पूर्वी गुठळी झालेली, घरात कुणाला झालेली, वजन जास्त, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, यांतले काही असेल तर सांगा. गोळ्या साधारण चार आठवडे आधी थांबवतात, पण डॉक्टरांना विचारून आणि दुसरे साधन वापरून. नाहीतर ऑपरेशनच्या सकाळी गर्भचाचणी पॉझिटिव्ह येते. ऑपरेशननंतर लगेच लांबचे विमान धरणार असाल तर तेही बोला.

पोट किंवा चेहरा ताणणे, स्तन लहान करणे या कामांत कातडी तिच्या खालच्या रक्तवाहिन्यांपासून सुटी करून पुन्हा बसवतात. निकोटिनने उरलेल्या बारीक वाहिन्या आकसतात, आणि कातडीची कड काळी पडून मरते. निदान चार आठवडे आधी आणि तेवढेच नंतर सिगारेट, विडी, गुटखा, मशेरी सगळे बंद. काही सर्जन लघवीत कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, तपासतात. निकोटिनचे च्युइंगम किंवा पट्टी लावली तरी ती पॉझिटिव्ह येते, म्हणून ते वापरत असाल तर आधीच सांगा.

स्तनांच्या कामाआधी चाळिशीच्या पुढे मॅमोग्राफी, त्याआधी गाठ जाणवत असेल किंवा घरात कर्करोग असेल तर सोनोग्राफी. इम्प्लांट बसल्यावर मॅमोग्राफी वाचणे अवघड होते, म्हणून आधीची फिल्म जपून ठेवा.

पापण्यांच्या कामाआधी शिर्मर तपासणी, म्हणजे डोळ्यात अश्रू पुरेसे येतात का ते बघणे. टिपकागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीच्या बाहेरच्या कडेला अडकवून पाच मिनिटे ठेवतात. ती १० मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर कातडी जपून काढावी लागते, ५ पेक्षा कमी असेल तर डोळा कोरडाच समजायचा. पापणी थोडी जास्त कापली गेली तर असा डोळा रात्री पूर्ण मिटत नाही आणि बुबुळाला इजा होते. नाकाच्या कामाला सायनसची तक्रार असेल तर सीटी स्कॅन. केस रोवण्याआधी फेरिटिन आणि टीएसएच बघा. गळतीचे कारण लोह किंवा थायरॉइड असेल तर आधी त्याचे औषध, रोपण मागाहून.

औषधे कधी थांबवायची

अॅस्पिरिन प्लेटलेट्स बिघडवते ते प्लेटलेटच्या आयुष्यभरासाठी, म्हणजे सात ते दहा दिवस, म्हणून तेवढे दिवस आधी बंद. पण हृदयात स्टेंट असेल तर हृदयरोगतज्ज्ञाने लिहून दिल्याशिवाय एक गोळीही चुकवू नका. अशा रुग्णाची सौंदर्य शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हेच बहुतेक वेळा योग्य. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, हळद-लसणाच्या कॅप्सूल दोन आठवडे आधी थांबवा. स्वयंपाकातल्या हळदीला हे लागू नाही. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तीन दिवस आधी बंद करतात, नाहीतर साखर फार नसतानाही रक्तात आम्ल साठते. सेमाग्लुटाइडसारख्या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांनी पोट उशिरा रिकामे होते आणि भूल देताना पोटातले अन्न फुप्फुसात जाऊ शकते. शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला ते भूलतज्ज्ञाला लिहून द्या.

आदला दिवस आणि ती सकाळ

रिपोर्ट साधारण महिन्याभराच्या आतले असावेत. मधे ताप, जुलाब, नवी औषधे असे काही झाले असेल तर जुना रिपोर्ट चालत नाही. मूळ कागद फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा, मोबाइलवरचे फोटो वेगळे. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, पूर्वी कधी दाखल झाला असाल तर तिथला डिस्चार्जचा कागदही फाइलमध्ये हवा. जुन्या भुलेची नोंद त्यात सापडते.

तेलकट, मासे-मटणाचे जेवण आठ तास आधी संपवा. हलके जेवण, दूध, दुधाचा चहा सहा तास आधी. पेज आणि नारळाच्या रसातली सोलकढी पातळ दिसली तरी ती अन्नातच मोडते. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत. सकाळी सातला ऑपरेशन असेल तर पाचनंतर घोटही नको. रक्तदाबाची कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही, हे भूलतज्ज्ञाने कागदावर लिहून दिलेले असावे.

स्त्रियांची गर्भचाचणी त्याच सकाळी लघवीवर होते, आठवड्यापूर्वीची धरत नाहीत. नेलपॉलिश काढून जा, बोटाला लावलेल्या यंत्राला ऑक्सिजन नीट वाचता यायला हवा. घसा दुखतोय, सर्दी झालीय, अंग तापलेय, कातडीवर फोड आलाय, यातले काही असेल तर रुग्णालयात पोचण्याची वाट बघू नका. पहाटेच फोन करा.